ख्रिस्ती विद्यार्थीगटाला परदेशी नेताना: सोबत जाणाऱ्या प्रौढांसाठी सविस्तर मार्गदर्शन

परदेशी निघालेल्या ख्रिस्ती विद्यार्थीगटासोबत कोणी जायचे, हा प्रश्न बहुतेक मंडळ्यांमध्ये फार सहज सुटतो. उपासनेला नियमित येणारे, मुलांशी गोड बोलणारे आणि त्या दिवसांत सुट्टी मिळू शकणारे अशा दोघातिघांची नावे पुढे येतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. अडचणींचे मूळ इथेच असते. शाळेच्या सहलीत शिक्षक आणि पालक यांच्यात पुरेसे अंतर असल्यामुळे प्रत्येक गोष्ट कागदावर घेतली जाते. चर्चच्या गटात मात्र ओळख हाच पुरावा मानला जातो, आणि ‘आपलीच माणसे आहेत’ या भरवशावर संमतिपत्रांपासून खोल्यांच्या वाटणीपर्यंत सगळेच सैल राहते. विश्वास असतो म्हणूनच नियम अधिक काटेकोर हवेत, असे माझे मत आहे आणि पुढील सर्व सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत.

पहिली पायरी: प्रवासाचा हेतू शब्दांत मांडणे

ख्रिस्ती विद्यार्थ्यांचे परदेशप्रवास साधारण तीन प्रकारचे असतात. रोम, फ्रान्समधील लूर्द किंवा पवित्र भूमीची (यरुशलेम आणि येशूच्या जीवनाशी जोडलेली आसपासची स्थळे) तीर्थयात्रा हा पहिला प्रकार. फ्रान्समधील तेझे येथील प्रार्थनासप्ताह किंवा जागतिक युवा दिनासारखे (कॅथलिक युवकांचा आंतरराष्ट्रीय मेळावा) मेळावे हा दुसरा; असा युवा दिन २०२३ मध्ये लिस्बनला झाला आणि पुढचा ऑगस्ट २०२७ मध्ये सोल येथे ठरलेला आहे. तिसरा प्रकार सेवाकार्याचा किंवा सुवार्ताप्रसाराचा. हेतू कोणता, यावर व्हिसा अवलंबून असतो; आणि पर्यटक व्हिसावर जाऊन धर्मप्रसार करणे अनेक देशांत प्रवेशाच्या अटींचा भंग ठरते.

हा मुद्दा किरकोळ समजू नये. ग्रीसच्या राज्यघटनेच्या १३व्या कलमात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याच्या प्रयत्नांना मनाई आहे. इस्राएलमध्ये १९७७च्या कायद्याने धर्मांतरासाठी आर्थिक किंवा भौतिक लाभ देऊ करणे हा गुन्हा ठरवला आहे. नेपाळमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेनुसार धर्मांतर घडवून आणणे आणि त्यास उत्तेजन देणे, दोन्ही शिक्षापात्र आहेत. उत्साहाच्या भरात रस्त्यावर पत्रके वाटणाऱ्या १६ वर्षांच्या मुलाला या गोष्टी ठाऊक नसतात. त्या ठाऊक असणे आणि निघण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगणे हे सोबत्याचे काम आहे. सामानातील धार्मिक पुस्तकांची संख्यासुद्धा वैयक्तिक वापराइतकीच असावी, कारण एकाच ग्रंथाच्या ४० प्रती घेऊन सीमेवर उभा राहिलेला विद्यार्थी आपण केवळ पर्यटक आहोत हे कोणाला पटवून देऊ शकणार नाही.

सेवाकार्याच्या प्रवासात अनाथालयाला भेट हा कार्यक्रम फार आवडीने ठेवला जातो. तो ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आठवडाभर जीव लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांची रांग त्या मुलांच्या हिताची नसते, आणि काही ठिकाणी तर परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांसाठीच आईवडील असलेली मुले अशा संस्थांत ठेवली जातात. रंगकाम, बागकाम किंवा स्थानिक युवकांबरोबर मिळून केलेले काम यांतून विद्यार्थी अधिक शिकतात.

दुसरी पायरी: सोबत्यांची संख्या आणि निवड

आठ विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ हे माझे प्रमाण आहे. पण गट कितीही लहान असला तरी एकूण तिघांपेक्षा कमी प्रौढ नसावेत. यामागचे गणित सोपे आहे. दोघेच प्रौढ असतील तर एक विद्यार्थी आजारी पडला की एक प्रौढ दिवसभर रुग्णालयात अडकतो, आणि मग उरलेल्या गटाजवळ एकच प्रौढ राहतो. कोणत्याही विद्यार्थ्याबरोबर एकाच प्रौढाने बंद जागी एकटे राहायचे नाही हा नियम त्या क्षणी पाळता येईनासा होतो. गटात मुले आणि मुली दोन्ही असतील तर सोबत्यांतही स्त्रिया आणि पुरुष दोन्ही हवेत.

मोजताना एक चूक हमखास होते. धर्मगुरू किंवा पाळक बरोबर असले की त्यांना एक सोबती म्हणून धरले जाते. पण ते मिस्सा (ख्रिस्तप्रसादाची कॅथलिक उपासना) अर्पण करत असताना किंवा उपदेश देत असताना मुलांवर लक्ष ठेवू शकत नाहीत, आणि नेमक्या त्याच वेळी मुले प्रार्थनाघराच्या मागच्या दारातून बाहेर पडतात. त्यांना मोजणीबाहेर ठेवावे. स्थानिक वाटाड्याला आणि बसचालकालाही मोजू नये. स्वतःचे मूल गटात असलेला पालक अवश्य यावा, मात्र स्वतःचे मूल त्याच्या तुकडीत नसावे.

निवड झालेल्या प्रत्येकाची, तो कितीही जुना सभासद असला तरी, लेखी माहिती, दोन त्रयस्थ व्यक्तींचे अभिप्राय आणि जिथे सोय असेल तिथे पोलिसांचा चारित्र्य दाखला घ्यावा. कॅथलिक गटांनी आपल्या धर्मप्रांताची बालसुरक्षेची नियमावली मागून घ्यावी. अत्याचाराच्या तक्रारी कशा नोंदवायच्या याविषयी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये जगभरच्या चर्चला लागू होणारे नियम घालून दिले आहेत. ज्याला अशी चौकशी अपमानास्पद वाटते, त्याला घरीच राहू द्यावे.

तिसरी पायरी: कागदपत्रे

हे काम निदान सहा महिने आधी सुरू करावे. अनेक देश प्रवेशाच्या किंवा परतीच्या तारखेनंतरही पासपोर्ट सहा महिने वैध असण्याची अट घालतात. गटातील सगळे विद्यार्थी एकाच देशाचे नागरिक आहेत असे गृहीत धरू नये. एकाच वर्गातील दोन मुलांना वेगवेगळे व्हिसा नियम लागू असू शकतात. तिकिटावरील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे दोघांनी स्वतंत्रपणे तपासावे. घरी वापरले जाणारे बाप्तिस्म्याचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव निराळे असणे हा ख्रिस्ती गटांत वरचेवर होणारा घोळ आहे.

अठरा वर्षांखालील प्रत्येक विद्यार्थ्यासाठी आई आणि वडील दोघांच्या सह्यांचे, नोटरीने साक्षांकित केलेले संमतिपत्र असावे. त्यात प्रवासाच्या तारखा, देश, सोबत्याचे पूर्ण नाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहावा. पालक विभक्त असतील तर ताबा कोणाकडे आहे हे दाखवणारा न्यायालयाचा आदेश जोडावा. काही देश अशा कागदावर १९६१च्या हेग करारानुसार दिला जाणारा अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन) मागतात, आणि तो मिळायला वेळ लागतो. उपचारांना संमती देण्याचा अधिकार मात्र वेगळ्या पत्राने घ्यावा; प्रवासाला दिलेली परवानगी शस्त्रक्रियेला चालेल असे समजू नये.

विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचावी. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातील बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण एवढ्यावर समाधान मानू नये. मला दोन कलमे महत्त्वाची वाटतात: रुग्णाला मायदेशी हलवण्याचा खर्च, आणि गट परतल्यावर रुग्णालयातील मुलाजवळ थांबणाऱ्या प्रौढाचा राहण्याचा व नव्या तिकिटाचा खर्च.

चौथी पायरी: आरोग्याची माहिती

आरोग्यपत्रक पालकांकडून बंद पाकिटात घ्यावे आणि ते किती जण वाचणार हे त्यांना आधीच सांगावे. दमा, मधुमेह, अपस्मार, ॲलर्जी यांच्याबरोबरच झोपेत चालणे, अंथरुण ओले होणे, नैराश्यासाठी चालू असलेले उपचार यांचीही नोंद हवी. चर्चच्या वर्तुळात बातमी पसरेल या भीतीने पालक हेच लपवतात, म्हणून गोपनीयतेचे आश्वासन खरे असले पाहिजे. अशी माहिती प्रार्थनाविनंती म्हणूनसुद्धा इतरांसमोर मांडू नये.

औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताच्या सामानात ठेवावीत. इन्सुलिन तर विमानाच्या पोटातील सामानात कधीच देऊ नये, कारण ते गोठले की निकामी होते. एका देशातले साधे औषध दुसऱ्या देशात निषिद्ध असू शकते. एकाग्रतेच्या विकारावर दिली जाणारी ॲम्फेटामीनयुक्त औषधे जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. पीतज्वराची लस आवश्यक असेल तर तिचे प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते, ही मुदत तारखा ठरवताना धरावी.

दोन बाबी ख्रिस्ती गटांपुरत्या खास आहेत. गव्हातील ग्लुटेन न चालणारा विद्यार्थी असेल तर ख्रिस्तप्रसादाची भाकर हाच धोका असतो. कॅथलिक चर्चमध्ये अत्यल्प ग्लुटेनच्या भाकरीला मान्यता आहे, पूर्ण ग्लुटेनमुक्त भाकरीला नाही. तेव्हा यजमान चर्चला आधी कळवून तशी भाकर मागवावी किंवा केवळ प्याल्यातून प्रसाद घेण्याची व्यवस्था करावी. दुसरी बाब उपवासाची. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार (ॲश वेन्सडे) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) यांचा उपवास १८ ते ५९ या वयांतील व्यक्तींना बंधनकारक आहे. उन्हात मैलोन्‌मैल चालणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीने भक्तिभावाने अन्न सोडले असेल, तर तिला हा नियम समजावून सांगून जेवायला बसवणे हे सोबत्याचे काम आहे.

पाचवी पायरी: संस्कार आणि पंथभेद

निघण्याआधीच्या पालकसभेत विमाने आणि हॉटेले यांवर तासभर चर्चा होते आणि या विषयावर कोणी बोलत नाही. नंतरचे सर्वांत कडवट वाद मात्र याच विषयावर होतात.

उदाहरणार्थ, जिथे येशूचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन नदी. काठावर पोहोचल्यावर भारावलेले विद्यार्थी ‘मलाही इथे बाप्तिस्मा हवा’ म्हणतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट पंथ बाप्तिस्मा एकदाच होतो असे मानतात. काही मंडळ्या मात्र बालपणीचा बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत आणि समजत्या वयात तो द्यावा असे शिकवतात. संमिश्र गटात हा निर्णय नदीकाठी घेणे म्हणजे पालकांच्या अपरोक्ष मुलाचा पंथ बदलण्यासारखे आहे. तेव्हा बाप्तिस्मा होणार नाही, बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण होईल, आणि ज्याला पाण्यात उतरायचे नाही त्याने उतरू नये, असे पालकसभेतच ठरवून लिहून ठेवावे.

प्रभुभोजनाचेही तसेच. कॅथलिक मिस्सेत इतर पंथीयांना सर्वसाधारणपणे ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तर नियम आणखी कडक आहे. हे आदल्या संध्याकाळी सांगितले नाही, तर रांगेतून परत फिरवलेल्या विद्यार्थ्याच्या मनात त्या चर्चची आठवण अपमान म्हणूनच राहते. धर्मगुरूपाशी केले जाणारे पापनिवेदन एकांतात असले तरी इतरांच्या नजरेच्या टप्प्यात असावे: काचेचे दार, उघडा मंडप किंवा चर्चमधील बाक. हॉटेलच्या खोलीत ते कधीही होऊ नये, मग धर्मगुरू कोणीही असोत.

दिनदर्शिका पाहायला विसरू नये. पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स पुनरुत्थान सण (ईस्टर) २०२५ मध्ये एकाच दिवशी, २० एप्रिलला आले. २०२७ मध्ये मात्र पहिला २८ मार्चला आणि दुसरा २ मे रोजी आहे. यरुशलेममध्ये दोन्ही सणांच्या आठवड्यांत जुन्या शहरातील गल्ल्या माणसांनी भरतात आणि पोलीस काही रस्ते बंद करतात. पहिल्यांदाच गट नेणाऱ्याने हे आठवडे टाळावेत. शिवाय शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत तिथली बहुतेक सार्वजनिक बससेवा बंद असते.

सहावी पायरी: वाटेवरची शिस्त

प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक द्यावा आणि मोजणी डोकी मोजून न करता मुलांनी क्रमाने क्रमांक उच्चारून करावी. डोकी मोजताना दुसऱ्याच गटातले मूल मोजले जाते. क्रमांकाच्या वेळी मात्र कोण नाही हे नावासकट कळते. बसमधून उतरताना, चढताना आणि प्रत्येक स्थळाच्या दारावर, दोन्ही बाजूंनी, मोजणी व्हावी. मुलांना हे पहिल्या दिवशी हास्यास्पद वाटते. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच क्रमांक म्हणू लागतात.

जोड्यांऐवजी तिघांचे गट करावेत; एकाला बरे वाटेनासे झाले तर दुसरा त्याच्याजवळ थांबतो आणि तिसरा बोलावायला येतो. मेट्रोसाठी एकच नियम पाठ करून घ्यावा: जो फलाटावर मागे राहिला त्याने तिथेच थांबायचे, आणि जो चुकून पुढे गेला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून थांबायचे. शोधत फिरण्याचे काम फक्त प्रौढांचे.

पासपोर्ट मुलांच्या खिशात नकोत, पण सगळे एका पिशवीतही नकोत. ते दोन सोबत्यांत विभागून ठेवावेत, प्रत्येकाच्या दोन छायाप्रती आणि दोन छायाचित्रे तिसऱ्याजवळ असावीत. पॉवर बँक फक्त हाताच्या सामानातच चालते आणि तिची क्षमता १०० वॉट-तासांपेक्षा जास्त नसावी. सामान आले नाही किंवा फुटून आले तर विमानतळ सोडण्याआधीच लेखी नोंद करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रिअल करारानुसार मोडतोडीची तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची तक्रार ते हाती आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते.

बसला प्रत्येक आसनावर पट्टा आहे का हे करार करतानाच विचारावे आणि पैसे वाचवण्यासाठी रात्रीचा रस्त्याचा प्रवास ठेवू नये. पाच ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे जगभरातील सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हे आहे. पालक विमानाला घाबरतात; सोबत्याने बसकडे लक्ष द्यावे.

सातवी पायरी: पवित्र स्थळी

रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातच अडवले जाते, हे बहुतेकांना माहीत असते; तरीही दोन-तीन हलक्या शाली सोबत्याच्या पिशवीत असाव्यात. यरुशलेममधील पवित्र कबरीच्या चर्चमध्ये निराळीच अडचण येते. आतील कबरीची खोली इतकी लहान आहे की एका वेळी मोजकेच लोक आत जातात, त्यामुळे गट आपोआप तुटतो. एका सोबत्याने रांगेच्या शेवटी आणि दुसऱ्याने बाहेर पडण्याच्या बाजूला उभे राहिल्याशिवाय विद्यार्थ्यांना रांगेत सोडू नये. हे चर्च अनेक पंथांच्या सामाईक ताब्यात असून प्रत्येकाच्या मिरवणुकीची वेळ ठरलेली आहे. मिरवणूक आली की वाट सोडावी लागते.

मृत समुद्राला जाणार असाल तर तिथले पाणी सागराच्या पाण्याच्या सुमारे दहापट खारट आहे हे ध्यानात ठेवावे. माणूस बुडत नाही म्हणून मुले निर्धास्त होतात, पण पालथा पडलेला माणूस त्या पाण्यात सहज उलटू शकत नाही आणि ते पाणी पोटात गेले तर गंभीर इजा होते. उतरताना पाठीवर, गुडघाभर पाण्यात, आणि सोबती काठावर कपड्यांनिशी उभा.

इथे एक गोष्ट सांगणे अवघड जाते. सोबती स्वतःही श्रद्धाळू असतो आणि कदाचित आयुष्यात एकदाच त्या स्थळी पोहोचलेला असतो. तरीही सर्व सोबत्यांनी एकाच वेळी डोळे मिटू नयेत. पाळी लावावी: अर्धे प्रार्थना करतील, अर्धे पाहत राहतील. माझ्या पहिल्या खेपेस एका लहानशा चॅपेलमध्ये आम्ही तिघेही गुडघे टेकून बसलो होतो आणि उठलो तेव्हा दोन मुले नव्हती. ती बाहेर कारंज्यापाशी सापडली, पण ती वीस मिनिटे अजून आठवतात. स्वतःची तीर्थयात्रा करायची असेल तर ती नंतर, वेगळी, स्वतःच्या सुट्टीत करावी.

आठवी पायरी: रात्री

प्रौढ आणि विद्यार्थी एका खोलीत झोपणार नाहीत, याला अपवाद नाही. मेळाव्यात शाळेच्या मोठ्या दालनात जमिनीवर झोपायची वेळ आली तर मुलामुलींची दालने वेगळी आणि प्रत्येकात किमान दोन प्रौढ, दाराजवळ. यजमान कुटुंबात ठेवायचे असेल तर एका घरी किमान दोन विद्यार्थी असावेत, यजमानांची पूर्वतपासणी झालेली असावी, आणि कारण न सांगता ‘मला इथून न्या’ असा संदेश पाठवता येईल असा एक ठरलेला शब्द प्रत्येकाला माहीत असावा. तो शब्द आला की आधी आणायला जावे, प्रश्न नंतर विचारावेत.

रात्रीच्या प्रार्थनेला शेवटाची वेळ हवी. थकलेली, घरापासून दूर असलेली मुले गीतांनी आणि साक्षींनी (स्वतःच्या विश्वासाचे अनुभव सर्वांसमोर सांगणे) सहज हेलावतात. एक रडू लागला की दहा रडतात, आणि मग अशा गोष्टी बोलल्या जातात ज्या सकाळी बोललो नसतो तर बरे झाले असते असे त्यांनाच वाटते. साक्ष देण्याचा आग्रह कोणालाही करू नये. घरी होणाऱ्या छळाविषयी किंवा जीव नकोसा झाल्याविषयी कोणी बोलले, तर ‘हे आपल्यातच राहील’ असे वचन देऊ नये. शांतपणे ऐकावे, दुसऱ्या सोबत्याला बोलवावे आणि त्याच रात्री विद्यार्थ्याच्या शब्दांत टिपून ठेवावे.

नववी पायरी: प्रसंग ओढवला तर

मायदेशी एक व्यक्ती दिवसरात्र फोनवर उपलब्ध असावी आणि तिच्याकडे सर्व कागदांच्या प्रती असाव्यात. अपघात झाला की आधी स्थानिक आपत्कालीन सेवा (युरोपीय संघाच्या सर्व देशांत ११२), मग दूतावास, विमा कंपनी आणि मायदेशीची व्यक्ती. संबंधित पालकांशी प्रमुख सोबत्याने स्वतः बोलेपर्यंत गटातील मुलांनी काहीही पाठवू नये अशी विनंती करावी, पण फोन हिसकावून घेऊ नयेत. त्याने अफवा वाढतात. पासपोर्ट हरवला तर प्रथम पोलिसांत नोंद करावी, कारण तातडीच्या प्रवासपत्रासाठी दूतावासात त्या नोंदीची प्रत साधारणपणे मागतात.

तक्रार एखाद्या सोबत्याविरुद्धच असेल, तर त्याला तत्काळ विद्यार्थ्यांपासून दूर करावे, स्वतः तपास करत बसू नये, आणि चर्चच्या वरिष्ठांबरोबरच कायद्याने नेमलेल्या यंत्रणेलाही कळवावे. ‘घरी गेल्यावर पाहू’ हे उत्तर चालणार नाही.

परतल्यावर विमानतळावर प्रत्येक विद्यार्थी नोंदवहीत सही घेऊनच पालकांच्या किंवा त्यांनी लेखी नेमलेल्या व्यक्तीच्या हाती द्यावा. ‘माझा मी जातो’ म्हणणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलालाही हाच नियम लागू. आजार, अपघात किंवा तक्रार यांच्या नोंदी संस्थेकडे सुरक्षित ठेवाव्यात, आणि उरलेली आरोग्यपत्रके पाकिटांसकट पालकांना परत करावीत.